कोणत्या फोटोमुळे?

माझे काका दवाखान्यात एक्स-रे काढायचे. लोक त्याला फोटो काढणं म्हणतात, म्हणून सगळे त्यांना फोटोवाला म्हणत. "हसू नका, फोटो हलेल," हा त्यांचा ठरलेला विनोद. हाड मोडून कळवळणारा माणूसही त्यावर हसायचा.

फिल्म धुवायच्या अंधाऱ्या खोलीत एक लाल दिवा सतत जळत असे. काका त्याच उजेडात चहा पीत. एकदा मला म्हणाले, "हा दिवा दिवसभर जळू दे, फिल्मला ढिम्म फरक पडत नाही. पण दाराच्या फटीतून जरा पांढरा उजेड आला, की गेली फिल्म! सौम्य उजेड कितीही घ्या, बाधत नाही बघ."

याच हिशेबाने त्यांनी आपला हात घालवला.

लहान मुलं यंत्राखाली स्थिर राहत नाहीत. त्यांना धरायला शिसं भरलेले हातमोजे होते, पण ते इतके जाड आणि ताठ, की रडणारं तान्हं त्यातून निसटायचं. फोटो हलला की पुन्हा काढा. मग काका उघड्या हातानेच धरत. "क्षणभराचं तर काम. एवढ्याशाने काय होतंय?" आईबाप दाराबाहेर, डॉक्टर दाराबाहेर, काका आत. निवृत्त होईपर्यंत हे असंच चाललं.

मी पदार्थविज्ञान शिकवते, आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. त्यामुळे हे जरा चिडूनच सांगते. प्रकाश आपल्याला सलग धारेसारखा वाटतो, पण तो येतो सुट्या पुड्यांनी. अर्धी पुडी मिळत नाही. पुडी केवढी, ते रंगावर ठरतं. लाल उजेडाची लहान, निळ्याची मोठी, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या एक्स-रेची त्याहून हजारो पटींनी मोठी. काकांच्या फिल्मवरचा कण बदलायचा, तर एका पुडीतच तेवढा जोर लागतो. लाल पुड्या लाखो आल्या तरी त्या जोर एकत्र करत नाहीत. झाडावर वाळूच्या मुठी कितीही फेका, कैरी पडत नाही. एक दगड पुरतो. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण इथे चालत नाही.

एक्स-रेची मात्र एकेक पुडी दगडच. फोटो क्षणात उरकला तर दगड कमी येतात, लहान होत नाहीत. काकांनी दोन्ही उजेडांना एकच न्याय लावला. त्यांना कोणी हे नीट सांगितलंच नव्हतं. "सांभाळून हं," म्हणायचं आणि दार ओढून घ्यायचं, एवढीच दवाखान्याची काळजी. मला आजही त्याचा संताप येतो.

आधी त्यांच्या उजव्या हाताची कातडी सुकली, नखं ठिसूळ झाली. मग एक जखम भरेचना, तो कॅन्सर निघाला. दोन बोटं काढावी लागली, तरी रोग काखेत आणि तिथून फुप्फुसात गेला. हे सगळं कशामुळे झालं, ते डॉक्टरांनी काकूला सांगितलं तेव्हा ठमी तिथेच उभी होती.

ठमी म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी. जन्मापासून तिचा खुब्याचा सांधा निखळलेला, त्यामुळे लहानपणी तिचे सारखे फोटो काढावे लागले. तिला दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला काका तयार नसत. प्रत्येक वेळी त्यांनीच धरली, उघड्या हाताने. डॉक्टरांचं ऐकल्यापासून ठमीचं जेवण तुटलं. बापाचं सगळं करायची, पण त्या हाताकडे बघायची नाही.

काकांनी मला बोलावून घेतलं. त्यांना धाप लागत होती.

"तू शिकलेली आहेस. तिला सांग, तुझ्या फोटोंमुळे काही झालं नाही म्हणून. माझं ती ऐकत नाही."

"काका, शास्त्र असं सांगत नाही."

"मग शास्त्राला जरा गप्प बसव. मला पोरीला असं सोडून जायचं नाही गं."

मी स्वयंपाकघरात गेले. ठमी ओट्यापाशी उभी होती. मला बघताच म्हणाली, "ताई, खोटं बोलायला पाठवलंय ना तुला? खरं काय ते सांग."

मग मी खरं सांगितलं. बहुतेक पुड्या हातातून आरपार जातात, थोड्या अडतात. त्यातल्या एखादीने पेशीच्या आत अशी काही मोडतोड केली, की ती पुन्हा नीट जुळली नाही. कोणती पुडी कुठे अडणार, हे आधी सांगता येत नाही. आपली यंत्रं कमी पडतात म्हणून नव्हे. निसर्गातच ते आधी ठरलेलं नसतं. शक्यता किती, एवढंच गणित सांगतं. आणि नंतर पेशी उघडून पाहिली, तरी कोणत्या फोटोची पुडी होती याची खूण तिच्यावर नसते.

"म्हणजे माझ्याही फोटोची असू शकते."

"हो. किंवा दुसऱ्या कुठल्याही मुलाच्या."

"आणि हे कधीच कळणार नाही?"

"कधीच नाही."

ती बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली. मग तोंडावर पाणी मारून, पदराने पुसून आत गेली. मी मागोमाग गेले. तिने बापाच्या उशाशी बसून तो हात, उरलेल्या तीन बोटांचा, आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"बाबा, ताईने सगळं समजावलं. माझे फोटो होते अगदी हलके. त्यांनी काही होणं शक्यच नाही म्हणाली."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. माणसाचा चेहरा इतका सैल झालेला मी पूर्वी पाहिला नव्हता. "खरं ना गं?"

मी पेपर तपासताना एका चुकलेल्या चिन्हासाठी गुण कापते. मी मान डोलावली. "अगदी खरं, काका."

"बघ," ते ठमीला म्हणाले, "मी सांगत नव्हतो?"

त्या दिवशी ते चार घास जेवले, आणि आठवडा संपायच्या आत गेले. मरताना त्यांना पोरीची काळजी नव्हती. ठमीची समजूत घालायला आता माझ्याकडे काही नाही. खोटं तिला पटणार नाही, आणि खरं तिला माहीत आहे.