तपासणीच्या दिवशीची सुट्टी

रेश्माबाईंच्या नाकावर राग असतो, हे मंगळवेढ्याकडच्या त्या वस्तीशाळेतली पोरंसुद्धा सांगतील. पोरांवर मात्र तो कधी निघाला नाही. वर्गात कुणी अक्षरावर अडलेलं, कुणी धडा घडाघडा वाचणारं. बाई ज्याला त्याला त्याच्या पायरीवरून पुढं नेतात आणि जेवढं येतं तेवढंच वाचनाच्या तक्त्यावर, अक्षर, शब्द की वाक्य, असं मांडतात. मुख्याध्यापक सयाजी सरांना सगळी पोरं वरच्या पायरीवर हवीत. शिकवून नव्हे, नुसती तक्त्यावर!

तिसरीतली मायाक्का घरच्या मेंढरांमागं अर्धं वर्ष रानोमाळ फिरते. परत येते तोवर अक्षरं विसरलेली असतात. यंदा बाईंनी जादा तास घेऊन तिला शब्दांपर्यंत आणलं होतं.

त्या सकाळी शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार होते, आणि मायाक्काची जागा रिकामी.

"तिला सुट्टी दिलीय मॅडम," सयाजी सर म्हणाले. "साहेबांपुढं अडखळली तर नाव शाळेचं जातंय की. तक्त्यावर तिला वाक्य वाचणाऱ्यांत टाकलंय मी."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाचता येणाऱ्यांना जादा तास नसतो. म्हणजे पोरीला घरी बसवायचं आणि वर तिचा तासही काढून घ्यायचा! चोर सोडून संन्याशाला फाशी.

बाईंनी स्कूटी काढली. पलीकडच्या वस्तीवर मायाक्का कोकरांना पाला टाकत होती. तिची आई तानाबाई गोंधळली. "सरांनीच निरोप धाडला की, आज पाठवू नगा म्हनून."

"मी सांगते, पाठवा."

पोरगी आईच्या पाठीमागं सरकली. "मी न्हाय येत बाई. माज्यामुळं साळंचं नाव खराब हुतंय."

अक्षर शिकवताना ज्यांचा हात जड होतो, त्या सरांनी ही लाज मात्र पोरीकडून पक्की गिरवून घेतली होती. सयाजी सर त्या क्षणी समोर नव्हते, हे त्यांचं नशीब.

"जा की गं, बाई सोता आल्यात," म्हणत तानाबाईनं लेकीला गाडीवर बसवलं.

वर्गात साहेबांनी तक्ता बघून मायाक्कापुढं एक वाक्य धरलं. ती वाक्य सोडून बाईंकडं बघायला लागली.

"साहेब, तक्ता खोटा आहे," बाई उभ्या राहिल्या. "ही शब्द वाचते. शब्द द्या तिला."

सयाजी सरांचा चेहरा उतरला. मायाक्कानं बोट ठेवून, अडखळत 'डोंगर' वाचला, 'पाऊस' वाचला, पुढच्यावर अडली. साहेबांनी तक्त्यावरची खूण खोडून शब्दांखाली केली आणि तिचा जादा तास चालू ठेवायला सांगितला.

बाई जिंकल्या म्हणायचं. पण शाळा सुटल्यावर मायाक्का दप्तर पोटाशी धरून दारात घुटमळली.

"बाई, फुडच्या तपासणीला बी येऊ का मी?"

स्वतःच्या शाळेत यायला लेकरू परवानगी मागत होतं! मागं सयाजी सर ऐकून न ऐकल्यासारखं करून कुलूप शोधत होते.

"ये! आणि सगळ्यांच्या पुढं बस!" बाई ओरडल्या. बघत होत्या मात्र सरांकडं.