बाबांचं कमी मिठाचं मटण

आमच्या घरात मटण सुधारण्याचा प्रयत्न एकदाच झाला आणि तो मी केला.

त्या मे महिन्यात डॉक्टरांनी बाबांना दम भरला, "मीठ आणि चरबी कमी करा, नाहीतर प्रेशर तुम्हाला आडवं करील!" नेमके तेच दिवस खारबावच्या आमच्या घरी पावसाळ्यासाठी मटण खारवायचे. पट्ट्या कापायच्या, मुठीने मीठ चोळायचं, दोरीवर वाळवायच्या. बाबांचा सगळा जीव त्या पट्ट्यांत. मला बाबा हवे होते आणि बाबांना मटण.

मी तेव्हा भिवंडीत कापडाच्या लूमवर कामाला होतो (आणि बेलबॉटम घालायचो, म्हणून घरातला शास्त्रज्ञ मीच!). चरबी तासून पातेल्यात काढली. मीठ चमच्याने मोजलं. वाचलेलं मीठही पातेल्यातच टाकलं आणि ते मांजरांपासून राखायला बाबांना बसवलं. आजारी माणसाला कामात गुंतवावं!

"आरं, मीठ कमी घातलंस त मटण टिकंल का?" आई म्हणाली.

"मीठ पाणीच शोषतं ना? ते काम उष्णता करील!"

भिवंडीत उष्णता फुकट मिळते ती लूमच्या पत्र्याच्या शेडमध्ये. शेठ गावाला गेला होता. मी सुताचे चार पदर वळून पट्ट्या थेट लूमच्या वर टांगल्या.

पहिल्या दिवशी पट्ट्यांवर कापसाचं तूस बसलं. दुसऱ्या दिवशी त्यांना पांढऱ्या दाढ्या आल्या. तिसऱ्या दिवशी वास सुटला.

"अरे भाई, अंदर कौन मर गया?" शेजारच्या लूमवरचे रफीकभाई नाकाला रुमाल लावून ओरडले.

"कोई नहीं! वो मेरे बाप की तबियत है!"

तेवढ्यात सूत तुटलं. पट्टी चालत्या लूमवर पडली आणि वीतभर कापडात मटण विणलं गेलं! आडवं सूत नेणारा धोटा अडकला. सहा मांजरं शिफ्टला हजर झाली. शेवटी रफीकभाईंनी आणि मी सगळं मटण शेडमागे पुरलं.

निदान बाबा तरी वाचले, म्हणून मी त्यांना अभिमानाने डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दोनदा पंप दाबला.

"अहो, प्रेशर तर वाढलंय!"

"शक्यच नाही! सगळं मटण मी पुरलंय!"

"मटण पुरलंस रं," सोबत आलेली आई म्हणाली, "पातेलं कुठं पुरलंस?"

बाबा खाली बघत म्हणाले, "तीन दिस चरबी राखली. पन मांजरांचा काय भरोसा न्हाय. म्हनून तलून खाल्ली, मिठासकट."

मटणातलं मीठ आणि चरबी मी खरोखरच कमी केली होती. फक्त दोन्ही काढून बाबांत भरली होती, एवढंच!