जास्तीचं ताट

आक्का गेली तेव्हा मी बेळगावात, खडेबाजारातल्या एका दुकानात तिच्या चष्म्याची काडी बसवून घेत होतो. शेजारच्या मालूताईंचा फोन आला. "मास्तर, हाय तसं निघून या. हाका मारून दमले, आक्का उठंनात..." तेवढ्यावरून मी काय ते समजलो. आणि लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं, भीती होती. आता त्या घरात मी एकटा, आणि रोज दुपारी एकला मारुती जेवायला येणार. निपाणीच्या बसमध्ये चष्मा मुठीत धरून बसलो होतो.

मी जन्माचा भित्रा. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण तपासणी म्हटली की आदल्या दिवसापासून माझं पोट बिघडायचं. एस्तेरआक्का माझी थोरली बहीण. दवाखान्यात नर्स म्हणून तिनं जन्म काढला, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर निपाणीच्या आमच्या घरात येऊन राहिली. बायको गेल्यावर मीही तिथंच आलो. आमच्या आईची एक रीत होती. रविवारी चर्चमधल्या उपासनेहून आल्यावर जेवायला बसताना घरातल्या माणसांपेक्षा एक ताट जास्त मांडायचं. जो येईल त्याचं. आक्कानं ती रीत रोजची करून टाकली. कधी बोहारीण जेवून जायची, कधी वाट चुकलेला एखादा म्हातारा. त्यांची मला भीती वाटायची नाही, कारण ही सगळी माणसं माझ्याहून अशक्त असायची.

मग मारुती आला. तो मूळचा बोरगावचा. शेताच्या बांधावरून भांडण झालं आणि त्यानं सख्ख्या भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. भाऊ जागीच गेला. शिक्षा भोगून परत आला तर घरच्यांनी दार उघडलं नाही, म्हणून निपाणीत तंबाखूच्या वखारीत पोती उचलायला लागला. चर्चवरची कौलं परतायला आला होता, तेव्हा आक्कानं खालून हाक मारली, "उतर खाली, जेवाय चल." पहिल्या दिवशी तिनं त्याच्यासमोर ताट ठेवलं ते मला अजून आठवतं. ताटातली वाटी खुळखुळ वाजत होती. आक्काचा संधिवात, मी मनात म्हटलं. माझं सगळं लक्ष मारुतीच्या हातांकडे होतं. तो भाकरी मोडायचा आणि मी विळी कुठं ठेवलीय ते बघून घ्यायचो.

महिनाभर कळ काढली, मग एकदा बोललो. "आक्का, तेला डबा देऊ या की. फाटकापाशी. पोट तर भरतंय."

"डबा दिला की दार लावून घेता येतंय, व्हय न्हवं?" ती म्हणाली. "सामू, उरलंसुरलं दिलं तर आपलं भांडं रिकामं हुतंय, दुसरं काय न्हाय. जवळ बसवून घेतल्याबिगार ते देणं न्हवं रं."

आक्का कधी उपदेश करत बसली नाही. एवढं बोलली तेच पुष्कळ. जेवणाआधीच्या प्रार्थनेत मात्र ती मारुतीचं नाव घ्यायची, आमच्या दोघांच्या आधी.

आणि मग मी ते केलं... आक्का आत चुलीपाशी होती. फाटक वाजलं, त्याची जड पावलं ऐकू आली, आणि मी झटकन तिसरं ताट उचलून मांडणीवर ठेवून दिलं. मारुती दारात आला. त्यानं टेबलावरची दोन ताटं पाहिली. "जेवूनच आलोय, मास्तर," म्हणाला आणि माघारी वळला. आक्का आमटीचं पातेलं घेऊन बाहेर आली. तिनं टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाटलं, आता ओरडेल. ती तशीच अनवाणी रस्त्यावर गेली आणि मनगटाला धरून त्याला परत घेऊन आली. स्वतःच्या ताटावर त्याला बसवलं, मांडणीवरचं ताट काढून आपण घेतलं. त्या दिवशी प्रार्थनेत पहिलं नाव माझं होतं.

मी बेळगावला निघालो त्या सकाळी तिनं विचारलं होतं, "मी नसले तर ताट मांडशील न्हवं?" मी पायात चप्पल सरकवत "व्हय" म्हटलं. तोंडदेखलं.

आक्काच्या कबरीत माती लोटून मारुती निघून गेला. त्यानंतर तीन आठवडे तो आला नाही. तरी मी रोज एकच्या आधी दाराला कडी घालत होतो आणि एकच ताट मांडत होतो. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटत होतं. गेल्या रविवारी उपासनेहून आलो आणि कडी घालायची राहून गेली. ताट वाढून घेतलं, वर पाहिलं, तर मारुती दारात.

"आक्का म्हणल्या हुत्या, मागलं कौल फुटलंय. तेवढं बघाय आलतो." त्याची नजर टेबलावरच्या एकट्या ताटावर गेली. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "जेवूनच आलोय."

तेच वाक्य. ते त्याला कुणी शिकवलं हे मला ठाऊक होतं. मालूताई गावाला गेलेल्या, हाक मारली तर येणारं कुणी नाही. त्याला जाऊ दिलं असतं तर कुणाला कळणारही नव्हतं... मी उठलो. मांडणीवरचं ताट काढलं, भाकरी ठेवली, वाटीत आमटी वाढली आणि त्याच्याकडे निघालो. वाटी खुळखुळ वाजायला लागली. काही केल्या थांबेना. मारुती माझ्या हातांकडे बघत होता.

"वय झालं," मी म्हटलं. "हात कापतात."

"न्हाय, मास्तर," तो हळूच म्हणाला. "आक्कांच्या हातातलं पण पहिल्या दिवशी असंच वाजलं हुतं. लई भ्यालेल्या. तरी वाढत हुत्या... म्हणून तर मी बसलो."

आम्ही जेवलो. नंतर त्यानं शिडी लावून मागचं कौल बदललं.

तेव्हापासून तो रोज येतो. माझी भीती काही गेलेली नाही, पण एक वाजायच्या आत कडी काढून ठेवतो. काल जेवायला बसताना मारुतीनं टेबलावरची दोन ताटं पाहिली, उठला आणि मांडणीवरचं तिसरं आणून ठेवलं. ते आता कुणाचं, हे आम्हा दोघांनाही माहीत नाही. मी दाराकडे तोंड करून बसतो.