तीन पट्टे मका आणि एक भाकड म्हैस

धाकलू हा माझ्या पाठचा भाऊ. कर्जत-खालापुरात एवढा चौकस माणूस दुसरा दाखवा, मी मिशी उतरवून देतो. शाळा चौथीपर्यंतच, पण स्वतः करून बघितल्याबिगर तो देवाचंही ऐकायचा नाय.

अठ्ठेचाळीस साली कर्जतच्या बाजारात एका खतवाल्यानं त्याला मिठासारखं पांढरं सल्फेट दाखवलं. म्हणे, हे असलं की शेण नको. आता धाकलूच्या गोठ्यात एक म्हातारी भाकड म्हैस, निव्वळ शेणासाठी पोसलेली. सल्फेट जिंकलं तर म्हैस विकायची, असं त्यानं घरात सांगून टाकलं. त्याच्या बायकोनं, बायजानं, दोन दिवस बोलणं टाकलं.

परसात मक्याचे तीन पट्टे धरले. एकाला शेणखत, एकाला सल्फेट, मधल्याला दोन्ही निम्मं निम्मं. रोज सकाळी सुतळी घेऊन ताटं मापायचा. शेजारचा जयवंता कुंपणावरून म्हणायचा, "मका लावलास का पोरीला स्थळ बघतोस रं?"

भादव्यात कणसं मोडली. शेणाचा पट्टा मागं पडला. मधला पहिला आला, पण सल्फेटवाला त्याच्या खालोखाल, फरक चार कणसांचा. चार कणसांपायी म्हैस कशाला पोसायची? लोधिवलीच्या गिऱ्हाइकाला त्यानं सकाळी यायचा निरोप धाडला.

त्याच सांजेला खालापूरचे हसनभाई, गावोगाव मसाला विकणारे, ओटीवर टेकले. भाजलेलं कणीस खात त्यांनी पहिल्यापासून सगळं विचारलं. धाकलूनं रंगवून सांगितलं. चैतात शेण आणि पालापाचोळा पसरून जमीन भाजली, म्हणजे आमच्याकडचा राब, तिथपासून.

हसनभाई चावायचे थांबले. "राब तिन्ही पट्ट्यांत भाजलास?"

"मग? राबाबिगर बी कोण टाकतं?"

"आणि राबातलं शेण कुणाचं रं?"

धाकलू गोठ्याकडं बघत राहिला. सल्फेटच्या पट्ट्यानंही म्हशीचंच खाल्लं होतं. नुसत्या सल्फेटावर मका कसा येतो, ते त्याला अजून ठाऊकच नव्हतं. रडायचं सोडून गडी गालात हसायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक दोर घेऊन आलं. "म्हैस अजून हरली नाय," असं सांगून धाकलूनं त्याला चहा पाजून परत धाडलं. मग कुदळ घेऊन ओढ्याकाठच्या कधी न भाजलेल्या तुकड्यावर गेला. बियाणं बायजानं आपणहून आणून दिलं. इथं शेणाचा कण पडता कामा नये, अशी म्हशीलाच ताकीद देऊन त्यानं तिला पार पल्याडच्या आंब्याला बांधली.