पाटावरची आंघोळ

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात आजवर कुणी पोस्टकार्डापेक्षा लांब काही लिहिलेलं नाही. बाबांची शाळा चौथीत सुटली, आईला फक्त सही येते. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तेवढ्या भांडवलावर लोकांनी वाचावं असं काही लिहिणं हा आगाऊपणाच. त्यात विषय काय, तर गिझर बदलण्याचा. पण त्या शनिवारी जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आणि माझी चूकही अजून कुणापाशी धड कबूल केलेली नाही.

मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत गिझर होता तो आधीच्या भाडेकरूने सोडून दिलेला. खालून ठिबकायचा, आणि चावायचा. चावायचा हा आईचा शब्द. नळाला हात लावला की मुंग्या येत. त्यावर आईनेच तोड काढली होती. गावाहून आणलेला जेवणाचा फणसाचा पाट तिने मोरीत टाकला आणि आम्ही सगळे त्याच्यावर उभं राहून आंघोळ करू लागलो. पाटावर मुंग्या येत नसत. मी म्हणालो, ओल्या हाताला थोडा करंट लागतोच, चालायचंच. घरात फिजिक्स शिकणारा मी एकटा, त्यामुळे माझा शब्द शेवटचा ठरला.

ताई पहिलटकरीण, म्हणून बाळंतपणाला आमच्याकडे येणार होती. बाळ-बाळंतिणीला कढत पाणी लागणार. जुन्या गिझरचा भरवसा नव्हता, स्टोव्हवर हंडे चढवून रॉकेल किती पुरणार, म्हणून बाबांनी नवा गिझर घेतला. त्या शनिवारी दुपारी ते ताईला आणायला चेंबूरला तिच्या सासरी गेले. इकडे दुकानातून मिस्त्री आले.

साठीचे असतील. दारात चपला काढल्या, पाणी प्यायले, मोरीत डोकावले. गिझरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांची नजर खाली गेली.

"वैनी, ह्यो पाट हंय कित्याक?"

गावाकडची बोली ऐकून आई खुलली. "जुनो गिझर चावता ना, म्हणान."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि दिवाळीत नळाचं काय काम काढलात?"

मी दारातच उभा होतो. त्या माणसाला घरात येऊन पाच मिनिटंही झाली नव्हती.

आई कौतुकाने म्हणाली, "गंजलेला तुकडा गळत होता. ह्यानेच बदलला, प्लॅस्टिकची नळी घालून. कॉलेजात जातो ना."

"असं होय," मिस्त्री म्हणाले. "या कॉलेज, आत या. एक गंमत दाखवतो."

पिशवीतून त्यांनी एक बल्ब काढला. होल्डरला दोन लांब वायरी. जुना गिझर सोडवून खाली ठेवला. मग एक वायर प्लगच्या भोकात घातली आणि दुसरीचं टोक माझ्या प्लॅस्टिकच्या तुकड्याखालच्या लोखंडी पाइपला टेकवलं. बल्ब लख्ख पेटला. तेच टोक वीतभर वर, तुकड्याच्या पलीकडे टेकवलं. अंधार.

पुन्हा खाली. उजेड. पुन्हा वर. अंधार.

"जुन्या बिल्डिंगीत अर्थिंगची वायर पाइपलाच बांधतात. गिझर आतून सडला की करंट पाइपातून जमिनीत जातो, माणसाला कळतही नाही. मध्ये प्लॅस्टिक घालून तुम्ही तो रस्ताच तोडलात. मग तो माणसातून जायला बघणार. पाट होता म्हणून वाचलात."

हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. तो बल्ब विझलेला पाहताना वाटलं, मला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. आणि त्याच क्षणी आठवलं: संक्रांतीला ताई आली होती, पाचवा महिना. तिला पाटाचं कुणी सांगितलं नव्हतं. मोरीतून ती किंचाळली, "आई गं!" आम्ही सगळे हसलो होतो. सगळ्यांत जास्त मी.

"मिस्त्री," मी हळूच विचारलं, "पोटुशी बाई असेल आणि असा झटका बसला, तर?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ते डॉक्टर सांगेल. मी नळ-वायरीचा माणूस."

पाइपावर त्यांचा भरवसा राहिला नव्हता. चाळीच्या मागे त्यांनी कमरेइतका खड्डा खणायला घेतला. मीही खणलं. खड्ड्यात पाइपचा तुकडा उभा करून त्याला जाड वायर बांधली, ती भिंतीवरून आमच्या मोरीपर्यंत नेली. मग कोळसा टाकला आणि वर पाहून हाक दिली, "वैनी, खडेमीठ व्हया! असात तेवढा सगळा!"

आई खिडकीत घुटमळली. "दिवेलागणीक मीठ घराभायर देणत नाय, मिस्त्री."

"भायर खंय जाता? घराखालीच ऱ्हवतला!"

आई हसली. पावसाळ्यासाठी भरलेली बरणी घेऊन ती स्वतः खाली आली आणि देवाला घालावं तशी ओंजळीओंजळीने मीठ घालू लागली. त्यावर पाणी ओतलं; खारी, ओली माती करंट चटकन ओढून घेते. वर येऊन मिस्त्रींनी बल्बचं एक टोक प्लगमध्ये घातलं, दुसरं नव्या वायरीला लावलं. आमच्या शेगडीचा कोळसा, आमच्या बरणीतलं मीठ, आणि बल्ब लख्ख! मला हात जोडावेसे वाटले.

नवा गिझर बसवायला त्यांना अर्धा तासही लागला नाही. जाताना म्हणाले, "हा काय आज चावायचा नाही. पण म्हातारा होईल तेव्हा मी नसेन. म्हणून खड्डा."

रात्र पडली तरी बाबा आणि ताई आले नाहीत. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने हाक मारली. त्याच्या फोनवर बाबांचा निरोप होता: ताईच्या पोटात दुखायला लागलं, तिला दवाखान्यात नेलंय.

अजून तीन आठवडे बाकी होते. आई देवासमोर बसली. ती काय मागत होती ते मला ठाऊक होतं, पण मी काय मागत होतो ते तिला ठाऊक नव्हतं. संक्रांतीचं तिला सांगायला मी दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा पाणी मागितलं.

रविवारी दुपारी मेडिकलवाल्याने पुन्हा हाक दिली. आई जिन्यातच थांबली. फोन मी घेतला.

"मुलगी झाली रे," बाबांचा आवाज. "ताई बरी आहे."

"आणि बाळ? बाबा, बाळ रडलं का?"

"रडलं का म्हणून काय विचारतोस! अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर आली, पण ठणठणीत आहे."