गाईच्या घशातली काकडी

आमचं परस आणि आक्कांचं परस यांच्यामध्ये निरगुडीचं कुंपण होतं, माझ्या कंबरेइतकं. सकाळी भाकऱ्या उरकल्या की आक्का पलीकडून यायच्या आणि बोलत उभ्या राहायच्या. माझं लग्न होऊन सात वर्षं झाली होती, तरी चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. आक्कांपुढे ते चालून जाई. त्यांना ऐकणारंच माणूस हवं असे.

त्यांचं बोलणं ठरलेलं होतं. ऊन, मांजर आणि वेल. त्यापलीकडे कधी गेलंच तर परत फिरून वेलावर यायचं.

गावात वीज येऊन दोनेक वर्षं झाली असतील. आश्विन लागला होता. पाऊस उघडून आठ-दहा दिवस झाले होते. सकाळी धरणाकडून धुकं यायचं आणि दुपारी ऊन असं तापायचं की अंगणातल्या ओल्या मातीला भेगा पडायच्या.

"औंदा ऊन लईच गं," आक्का म्हणाल्या. "दुपारच्याला दोडक्याचा वेल बघवत न्हाई. आन ह्या मांजरीचं काय करावं? दूध-भाकरी खाती आन पडवळाच्या मांडवावर जाऊन बसती. लोंबणाऱ्या पडवळाला पंजा मारती. त्ये काय उंदीर हाय व्हय?"

मी हसले. त्यांनी कुंपणावरून चार मोठ्या काकड्या पुढे केल्या. पिवळ्या पडलेल्या, जून. "ह्या माणसाच्या कामाच्या न्हाईत. तुज्या गाईला घाल. पर चिरून घाल बरं का."

मी हो म्हटलं. पण चुलीवर कालवण होतं आणि शेतावर भाकरी न्यायची होती. मी काकड्या विळीवर घेतल्याच नाहीत. दोन-दोन तुकडे मोडले आणि गोठ्यात टाकून दिले.

दुसऱ्या दिवशी गाय वैरणीला तोंड लावेना. तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. मान पुढे ताणायची आणि हंबरायची, पण तो तिचा आवाज नव्हता. घोगरा, फाटका. गाय तेव्हा आटलेली होती, दुधाचा प्रश्न नव्हता. पण सासरी आल्यापासून मीच तिला चारापाणी केलेलं. मला भीती वाटली ती माझ्या चुकीची.

यजमान शेतावरून आले तेव्हा मीच त्यांना म्हटलं, "तिच्या घशात काकडी अडकली असंल. मी न चिरताच टाकली."

"तरी म्हनलं अशी का करतीया," ते म्हणाले आणि बाही वर सारली.

मी दाव्यानं तिचं तोंड वर धरलं. त्यांनी कोपरापर्यंत हात घशात घातला. चार दिवस हळवं, लवकर पिकणारं भात कापत होते, त्यामुळे बोटं विळ्यानं आणि भाताच्या पातीनं चिरलेली होती. गाईनं दाढ दाबली तेव्हा एका बोटाचं सालही निघालं. आत काहीच लागलं नाही. हात लाळेनं भरला होता. तो त्यांनी पेंढ्याला पुसला आणि पुन्हा भात कापायला गेले.

दुसऱ्या सकाळी आक्का आल्या. आधी उन्हाचं झालं. मग मांजर कशी शिंकाळ्यावर चढली ते झालं. मग म्हणाल्या, "तुमची गाय का गं वरडतीया?"

"काकडी अडकलीय," मी म्हटलं.

"येडी का खुळी! काकडी अडकल्यावर वरडंल कशी? श्वासच घ्याया यायचा न्हाई तिला." त्या हसल्या. घेवड्याच्या शेंगा तोडून ओच्यात टाकत होत्या. "भादव्यात त्यो पिसाळलेला कुत्रा माळावर दोन ढोरांना चावला, त्यात तुमची न्हवती ना? न्हाई, त्यातलं एक गेलं म्हनं परवा. बरं, ह्यो घेवडा बघ, कसा कोवळा हाय. शिरा काढायला नगंत."

त्या घेवड्याबद्दल बोलत राहिल्या. मला पुढचं ऐकूच आलं नाही.

भाद्रपदात एक दिवस गाय चरून आली तेव्हा तिच्या नाकपुडीजवळ जखम होती. करवंदीच्या जाळीत तोंड घातलं असेल, असं आम्ही समजलो. मी हळद लावली. आठ दिवसांत ती भरून आली आणि आम्ही विसरलो.

मी चौथीपर्यंत शिकले. मुलीला लस टोचायला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं तेव्हा रांगेत बसून मी भिंतीवर रंगवलेलं सगळं वाचलं होतं. पिसाळलेल्या जनावराची लाळ जखमेला लागली तरी रोग होतो, असं तिथं लिहिलं होतं. रोग झाल्यावर औषध नाही, हेही लिहिलं होतं. ते वाचलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला त्या सकाळी वाटलं.

तिसऱ्या दिवशी गाईचे मागचे पाय लटपटले. ती पडली ती उठली नाही. दुपारपर्यंत गेली.

तिला पुरून आल्यावर मी ह्यांना भीत भीत सांगितलं. कुत्र्याचं, नाकपुडीचं, भिंतीवरचं.

"कुत्रं मला कुटं चावलंय?" ते म्हणाले. "गाय गेली, आता मला बी घालवतीस व्हय?"

"आवं, डॉक्टरला नुसता हात दाखवा."

"पोटात चौदा सुया टोचत्यात. रोज जायाचं. आन हितं भात उभं हाय, त्ये कोण कापंल?"

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाहेर पडले. आमच्याकडे कुत्रं चावलं की सात विहिरींत डोकावतात. तेवढं ते करून आले. "झालं. सात विहिरी बघितल्या. एक आटली व्हती, तिच्यात बी बघितलं. आता माझा पिच्छा सोड," म्हणाले आणि विळा घेऊन गेले.

जेवताना मी त्यांच्या हाताकडे बघायची. चिरा सुकत आल्या होत्या आणि ते बघून जास्तच भीती वाटायची, जणू काहीतरी आत शिरून दार लावून घेत होतं.

दोन सकाळी आक्का आल्या आणि गेल्या. त्यांना सांगावं असं दोन्ही वेळा ओठावर आलं. एकदा त्या धुक्यानं तुरीचा फुलोरा गळेल का ते सांगत होत्या. एकदा मांजरीला पिल्लं होणार होती ते. मधे शिरावं कसं ते मला कळत नव्हतं. तिसऱ्या सकाळी त्या भोपळ्याला हात लावून म्हणाल्या, "ह्यो अजून आठ दिस वेलावर ऱ्हाऊ दे..." आणि आठ दिवस म्हटल्यावर, तोवर ह्यांचं काय होईल या विचारानं माझा बांध फुटला.

"आक्का, मीच त्यास्नी हात घालायला लावला."

"कशात?"

मी सगळं सांगितलं. इतकं सलग मी आयुष्यात बोलले नव्हते. आक्कांनी भोपळ्यावरचा हात काढला. मग त्यांनी निरगुडी दोन्ही हातांनी बाजूला केली, लुगडं फांदीत अडकलं ते तसंच ओढलं आणि आमच्या अंगणात आल्या. हे विळ्याला धार लावत होते.

"ऊठ," आक्का म्हणाल्या.

"काय झालं आक्का?"

"विहिरीत बघून आलास, तवा तोंड दिसलं ना सोताचं? त्ये बायकू-पोरीला अजून दिसावं असं वाटतं का न्हाई?"

"आवं पर भात..."

"तुजं भात काय सोन्याचं हाय? माजी दोन्ही पोरं आन सुना कापत्याल. तू नसलास तर पुढल्या साली कुनाचं कापायचं?"

ते माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघितलं. पण आत गेले नाही. तिथंच उभी राहिले.

ते नऊच्या गाडीनं तालुक्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर त्यांना रागावले म्हणे, इतके दिवस काय करत होता म्हणून. माझ्याही हाताला लाळ लागली होती का ते विचारलं. मी फक्त दावं धरलं होतं, हाताला जखम नव्हती. चौदा दिवस त्यांच्या बेंबीभोवती सुया टोचल्या. पोट सुजून कडक झालं. शेवटच्या दिवशी मी बरोबर गेले आणि पदर तोंडाला धरून डॉक्टरांना विचारलं, "आता भ्या न्हाई ना?"

"उशीर केलात," ते म्हणाले. "बहुतेक काही होणार नाही. पण दोन-चार महिने लक्ष ठेवा. पाणी पिताना घशाला त्रास झाला तर लगेच आणा."

ते दोन-चार महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. भात घरात आलं, दिवाळी झाली, थंडी पडली. रोज ते शेतावरून आले की मी पाण्याचा तांब्या द्यायची आणि समोर उभी राहायची. पाणी घशाखाली उतरलेलं दिसलं की आत जायची. कधी त्यांना ठसका लागला तर मी पुन्हा तांब्या भरून पुढे करायची.

एकदा तांब्या खाली ठेवून ते म्हणाले, "रोज काय बघतीस गं अशी?"

"न्हाई," मी म्हटलं. "आज गारठा लई हाय."

"हाय खरा," ते म्हणाले आणि आणखी पाणी मागितलं.