आधी अंगण

लातूरच्या झाडीतल्या कॉलनीतलं आमचं घर विकायला काढलंय. काल फाटक उघडलं आणि कडुलिंबाच्या मोहोराचा वास आला, तशी मी एकदम आठ वर्षांची झाले.

भूकंपानंतरचा पहिला उन्हाळा होता. लातूरजवळच्याच शिरूरहून आम्ही हेच घर बघायला आलो होतो. घरमालक आजोबा कौतुकानं नवी फरशी दाखवायला लागले. आई म्हणाली, "घर मागून बघू. आधी अंगण दावा."

अंगण बघून झाल्यावर तिनं मला आणि धाकट्या भावाला अगदी आतल्या खोलीत गार फरशीवर निजवलं. "डोळे मिटा. टाळी वाजली की पळायचं, अंगणातल्या लिंबाला हात लावायचा."

आम्ही धडपडत, खिदळत पळालो. लिंबाची खरबरीत साल तळहाताला लागली. "अजून एकदा," भाऊ म्हणाला. तिसऱ्या खेपेला आजोबाही धोतर सावरत आमच्यामागं पळाले. आई मात्र हसत नव्हती. जमीन पुन्हा हलली तर लेकरं बाहेर पोचतात का, एवढंच ती बघत होती. मग बाबांना म्हणाली, "घ्या हे घर."

काल उमरीच्या एक बाई अकरावीतल्या लेकीला घेऊन घर बघायला आल्या. "इथून क्लास किती लांब हाय?"

"सांगते की," आता थकलेली माझी आई म्हणाली. "आधी पोरीला आतल्या खोलीतून पळून बघू द्या."

टाळीही तिनंच वाजवली. पोरगी लाजत लाजत पळाली, आणि तिच्यामागं मीही.